स्वच्छ हात आणि कोरडे नळ

प्रवासात लहान मुलांना रोगजंतूंपासून जपावे, असा उपदेश मातांना सर्रास केला जातो. परंतु एस. टी. स्थानकावरचा नळच कोरडा असेल, तर त्यांनी मुलांचे हात धुवावेत कशाने? ऐपत असणारा जंतुनाशकाची बाटली विकत घेतो. मात्र मळलेल्या हातांवर तिचा प्रभाव कमी पडतो, आणि अतिसाराच्या काही विषाणूंपुढे साबण-पाणीच अधिक भरवशाचे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुणे सक्तीचे केले आणि मातांचे मृत्यू झपाट्याने घटले. ती शिस्त संस्थेने पाळली, म्हणूनच फळली. एका मुलाचे स्वच्छ हात इतरांच्या मुलांनाही वाचवतात. असे हित बाजारावर सोपवता येत नाही. वाहते पाणी, साबण आणि मुलांचा हात पोचेल असा नळ, एवढी मागणी कार्यकर्त्यांनी आपापल्या स्थानकावर लावून धरावी.