औषध कंपनीचं, तपासणीही कंपनीचीच?

समाजमाध्यमं सुधारण्यासाठी विद्यापीठांत चालणाऱ्या संशोधनाची हेटाळणी करणारे हल्ली एक पुरावा हाताशी ठेवून असतात. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुकची मालक कंपनी मेटा आणि तिथल्या विद्यापीठांतले प्राध्यापक यांनी मिळून मोठे प्रयोग केले. निष्कर्ष २०२३ च्या जुलैत ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मध्ये छापून आले. हजारो लोकांच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरचा अल्गोरिदमने लावलेला क्रम काढून पोस्ट नुसत्या वेळेप्रमाणे दाखवल्या, तरी तीन महिन्यांत त्यांच्या राजकीय कडवेपणात फरक पडला नाही. झालं! माणसंच तशी, अल्गोरिदमला कशाला झोडपता, असा पूर्वपक्ष उभा राहिला. तो मांडण्यात कंपनीही मागे नव्हती.

प्रयोग खोटे नव्हते. पण त्यांतून काढलेलं अनुमान फार लांब उडी मारणारं आहे. त्याच निवडणुकीत मेटाने अफवांना आवर घालण्यासाठी तात्पुरते आणीबाणीचे उपाय लागू केले होते आणि अविश्वसनीय बातम्यांचं दर्शन त्या काळात कमी झालं होतं, हे २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्येच दाखवलं. म्हणजे ज्या अल्गोरिदमशी तुलना झाली, तो सगळा काळ रोजचा नव्हताच. शिवाय मायकेल वॅग्नर या प्राध्यापकाला या उपक्रमाचा स्वतंत्र निरीक्षक नेमलं होतं. त्याचा निर्वाळा असा की संशोधकांना स्वातंत्र्य होतं, पण ते परवानगीने मिळालेलं. माहिती कंपनीच्या ताब्यात, आणि कोणता प्रश्न विचारता येईल हेही बरंचसं तिच्याच मर्जीवर. औषध बनवणाऱ्यानेच रोगी निवडावे, नाडीही त्यानेच पाहावी आणि आपण गुण आला म्हणायचं, असा हा प्रकार.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोचरं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. ब्राझीलच्या संशोधकांसह एका गटाने सार्वजनिक ग्रुपांतली माहिती घेऊन ही मर्यादा तपासली. प्रसार मंदावतो, पण फार वेगाने पसरणारा मजकूर तिने अडत नाही, असं त्यांना आढळलं. पुढे २०२० मध्ये मर्यादा आणखी कडक झाली आणि बेसुमार फिरणारे संदेश ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. घटलेही असतील! तो आकडा बाहेरच्या कोणी मोजलेला नाही, एवढंच.

दुसरा पूर्वपक्ष सज्जन आहे, म्हणून त्याला कोणी हटकत नाही: लोकांना डिजिटल साक्षर करा, बाकी आपोआप होईल. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत अभ्यास केला. अफवा पुढे ढकलणाऱ्यांपैकी अनेकांना तंत्र चांगलं कळत होतं. त्यांना बळ पूर्वग्रहाचं होतं. २०१९ मध्ये संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये घरोघरी तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. एकूण परिणाम जवळपास शून्य, आणि पक्षनिष्ठांच्या काही गटांत उलटाच. इथेच हात टेकले असते तर हेटाळणी करणारे बरोबर ठरले असते. पण त्यांनीच सहकाऱ्यांसह पुन्हा बिहारमध्येच १३ हजारांहून अधिक शाळकरी मुलांसाठी काही आठवडे चालणारे वर्ग घेतले. या वेळी मुलांची पारख सुधारली, महिन्यांनंतर टिकली, आणि पालकांपर्यंतही थोडी झिरपली. फसलेला प्रयोग छापला गेला म्हणून दुसरा नीट बेतता आला. कंपन्यांचे फसलेले उपाय कोण छापतं?

सरकारच खरं-खोटं ठरवील, हा तिसरा मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केला. केंद्राच्या सत्यशोधन कक्षाची तरतूद तिथे रद्द झाली, ते योग्यच झालं. ज्याच्या कारभाराबद्दलची बातमी, त्यालाच न्यायाधीश कसं करायचं?

मग करायचं काय? कंपनीला न विचारताही मोजता येतं, हे दिसून आलं आहे. २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत संशोधकांनी ब्राउझरला एक जोडणी लावून बाराशेहून अधिक स्वयंसेवकांच्या ‘एक्स’वरच्या पोस्टचा क्रम दहा दिवस बदलला. विखारी राजकीय पोस्ट खाली गेल्यावर विरोधी पक्षाबद्दलची भावना शंभरात सुमारे दोन अंशांनी निवळली. परिणाम लहान आहे, पण ‘माणसंच तशी’ म्हणणाऱ्यांना तो गैरसोयीचा आहे.

अशा पळवाटांवर मात्र कायमचं विसंबता येत नाही. ट्विटरने (म्हणजे आताच्या ‘एक्स’ने) २०२३ मध्ये संशोधकांचा मोफत प्रवेश बंद केला, मेटाने पोस्टचा प्रसार मोजण्याचं क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये गुंडाळलं. युरोपने डिजिटल सेवा कायद्याच्या कलम ४० मध्ये पारखलेल्या संशोधकांना माहिती मागण्याचा हक्क दिला. डिसेंबर २०२५ मध्ये ‘एक्स’ला झालेल्या १२ कोटी युरोंच्या दंडामागे, इतर कारणांबरोबर, संशोधकांची केलेली अडवणूकही होती.

आपल्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्या दरमहा अहवाल देतात. तक्रारी किती, काढलेला मजकूर किती, हे त्यात असतं. काढण्यापूर्वी तो किती जणांनी पाहिला, हे द्यायचं बंधन नाही. २०२३ चा विदा संरक्षण कायदा संशोधनाला सवलत देतो, पण माहिती मिळवण्याचा हक्क देत नाही. खासगीपणाचं काय, असं कोणी विचारील. भारतातच लोकांनी स्वेच्छेने दिलेल्या व्हॉट्सॲप संदेशांवर, ओळख पुसून, अभ्यास झाले आहेत. मासिक अहवालात किती जणांनी पाहिलं याचा रकाना घालायला आणि पारखलेल्या संशोधकांना मूळ आकडे उघडून द्यायला तर कोणाचा खासगी संदेश वाचावाही लागत नाही.