मुलींचा वाटा आणि रोमचा कायदा

गोव्यात आई-वडिलांच्या पश्चात मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागचा इतिहास आपण मुलांना क्वचितच सांगतो.

रोमन सम्राट जस्टिनियन इ.स. ५२७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर आला. शेकडो वर्षांचे विखुरलेले कायदे त्याने ट्रिबोनियन या कायदेपंडिताच्या देखरेखीखाली संकलित करून घेतले. सुमारे दोन हजार ग्रंथांचे सार पन्नास भागांत आले. ५३३ साली खास विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकही तयार झाले. पुढे ५४३ साली त्याने वारसाहक्कात मुलगे आणि मुली यांना समान लेखले. मृत्युपत्र केले तरी अपत्यांचा ठरावीक वाटा डावलता येत नाही, हे तत्त्वही रोमन कायद्याचेच.

साम्राज्य गेले, कायदा उरला. अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बोलोन्या येथे त्याचे अध्ययन पुन्हा सुरू झाले आणि तेथून तो युरोपभर पसरला. पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी संहितेत त्याची तत्त्वे उतरली व १८७० पासून ती संहिता गोव्यात लागू झाली. तिच्यातले सारेच रोमचे नव्हे. पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानण्याची पद्धत पोर्तुगालमधील रूढीतून आली. १९६१ च्या मुक्तीनंतरही ही संहिता चालू राहिली. गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यानेही मुलामुलींचा समान हक्क कायम ठेवला.

एवढे असूनही वाटणीच्या वेळी अनेक घरांत मुलीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटू नये, भावाशी वाकडे येऊ नये, म्हणून ती सही करते. कोणी समजून-उमजून हक्क सोडला तर तो तिचा प्रश्न. पण आपला हक्क काय, हे ठाऊक नसताना केलेल्या सहीला आम्ही राजीखुशी म्हणणार नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी वर्षातून एकदा जाणकार वकिलाचे व्याख्यान ठेवावे. पालकांनीही घरची कागदपत्रे मुलीला मुलाबरोबरच दाखवावीत. आणि मुलांनो, पुढे बहिणीपुढे असा कागद ठेवण्याची वेळ आली, तर आधी तो तिला पूर्ण वाचून दाखवा.