वायरमन ओळखीचा असला तरी परवाना विचारा

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव जातात. तरी आपल्या कामरगावसारख्या गावांत टाइल्ससाठी चार दुकानं फिरणारे आपण वायरिंग मात्र ओळखीच्या पोराकडून उरकतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार नवं वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हायला हवं. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबीही बसवायचा असतो. एमसीबी वायर वाचवतो. करंट गळू लागला की माणसाला वाचवतो तो आरसीसीबी.

दोष त्या पोरांचा नाही. हात बसलाय, कागद नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन कोर्स दोन वर्षांचा आहे. मोहल्ल्यातल्या हुन्नरी मुलांना ती वाट दाखवू या. आणि काम देताना लिहाज बाजूला ठेवून परवाना, टेस्ट रिपोर्ट मागू या. जान ही अल्लाहची अमानत आहे.