भाऊ गाणी ऐकेनासा झाला तेव्हा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक छोटीशी गोष्ट घडली. म्हणजे माझ्या धाकट्या भावाने आजीचा रेडिओ बंद केला, एवढंच. पण त्यावरून चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

आधी घराची ओळख करून देते. आम्ही इंदूरचे मराठी. पोहे मराठीत खातो आणि त्यावर जिलेबी हिंदीत मागतो, अशातले. आजी 81 वर्षांची आहे. रोज सकाळी सातला ती विविध भारती लावते आणि जुनी गाणी ऐकत भाजी निवडते. लता मंगेशकरांचा जन्म 1929 साली इंदूरचा, त्यामुळे आजीच्या दृष्टीने त्या "आपल्या गावच्या". त्यांचं गाणं लागलं की घरात मिक्सर लावायची कुणाची हिंमत नसते.

भाऊ, घरातलं नाव बंटी, वय 20, पुण्यात इंजिनीअरिंगला. दिवाळीला आला तो गळ्यात तुळशीची माळ आणि कपाळाला गोपीचंदन लावून. पहाटे उठून आंघोळ, मग हरिपाठ. अंडी बंद, बाहेरचं चमचमीत बंद, एकादशीला उपास. पहिले दोन दिवस आईचं कौतुक मावेना. शेजारच्या काकूंना बोलावून तिने माळ दाखवली. तिसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर गाणं सुरू असताना बंटी आला, त्याने बटण फिरवलं आणि म्हणाला, "आजी, हे ऐकून मनाला काय मिळतं गं? विषयवासनाच ना?"

आजी काहीच बोलली नाही. भाजीची परात उचलून आत गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

तुमच्याही घरी असं कुणी आहे का? कुणाचा मुलगा भक्तिमंडळात जायला लागल्यापासून सिनेमा बघत नाही, कुणाची मुलगी लग्नात नाचायला नकार देते, कुणाचा मित्र सगळ्या प्लेलिस्ट डिलीट करून बसला आहे. धर्म कुठलाही असू दे, घरातलं दृश्य साधारण सारखंच असतं. आईवडील धार्मिक असले तरी गोंधळतात, कारण त्यांच्या धार्मिकतेत सकाळची पूजा आणि रात्रीचा सिनेमा सुखाने एकत्र नांदत आलेले असतात. मुलगा येऊन सांगतो, यातलं एकच ठेवा.

आमच्याकडे त्याची परीक्षा डिसेंबरात झाली. माझ्या चुलत बहिणीचं, पिंकीताईचं लग्न होतं. बंटी म्हणजे आमच्या खानदानाचा डान्स मास्टर. काकूंपासून सात वर्षांच्या भाच्यापर्यंत सगळ्यांना स्टेप शिकवणारा. त्याने सांगितलं, "लग्नाला येईन, वाढायला उभा राहीन, सामान उचलीन. पण संगीतला नाचणार नाही आणि बसणारही नाही." काका म्हणाले, "फार मोठा संत लागून गेला का?" काकू म्हणाल्या, "कुणीतरी नादी लावलंय पोराला." भावंडांनी त्याचा जुना नाचाचा व्हिडिओ काढून त्यावर मीम केलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं. मीसुद्धा हसण्याचा इमोजी दिला. तो मी नंतर काढला, पण त्याने पाहायचा तो पाहिलाच होता.

त्या रात्री गच्चीवर त्याने मला जे सांगितलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले होते. फ्लॅटवर पाच जण, शनिवार-रविवार पार्टी, रात्री दोन-अडीचपर्यंत फोन. "ताई, एकच गाणं दिवसातून पन्नास वेळा कानावर पडायचं. रीलमध्ये, जिममध्ये, खालच्या पानटपरीवर. मला ते आवडत होतं की नुसतं डोक्यात घुसलं होतं, हेच कळेना." पाचांतला एक मुलगा दर एकादशीला आळंदीला जायचा. एकदा हा त्याच्याबरोबर गेला. इंद्रायणीकाठी कुणीतरी त्याच्या हातात टाळ दिले. त्या रात्री म्हणे तो कित्येक महिन्यांनी शांत झोपला.

आषाढात पालखीबरोबर तो थोडं अंतर चालला, आळंदी ते पुणे आणि पुढे दिवेघाट चढून सासवड. पूर्ण वारी सुमारे अडीचशे किलोमीटरची, तेवढी सुट्टी त्याला नव्हती. "दिवेघाटात माझ्या कानात इअरफोन नव्हते, आणि मला त्यांची आठवणही झाली नाही," असं तो म्हणाला तेव्हा मला त्याचा थोडा हेवा वाटला. मी कंटेंट लिहिते. कुठलं गाणं ट्रेंडमध्ये आहे ते बघून त्याला साजेशा ओळी लिहिणं हे माझ्या कामाचं निम्मं अंग आहे. कानात काही नसलेला तास मला शेवटचा कधी मिळाला ते आठवत नाही.

मग त्याने मला एक काम दिलं. "तुझ्या फोनमधली टॉपची पाच गाणी घे. चाल काढून टाक आणि नुसते शब्द मोठ्याने वाच." मी वाचले. दोन गाण्यांत बाई म्हणजे दारू, एकात गाडी, एकात दोन्ही. पाचवं बरं होतं. मी इंग्रजी घेऊन बीए केलं आहे, कवितेत स्त्रीचं चित्रण यावर दहा मार्कांची उत्तरं लिहिली आहेत, आणि हीच गाणी मी वर्षभर भांडी घासताना गुणगुणत होते. इथे तो बरोबर होता. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, इथे सांगते.

असं वागणारा बंटी काही पहिला नाही. ब्रिटिश गायक कॅट स्टीव्हन्स 1977 साली, ऐन लोकप्रियतेत असताना, मुस्लिम झाले. युसुफ इस्लाम हे नाव घेतलं, पॉप संगीत सोडलं, गिटारी लिलावात काढून पैसे दान केले. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांच्या मुलाने घरात गिटार आणली, ती त्यांनी सहज हातात घेतली आणि 2006 मध्ये त्यांचा नवा पॉप अल्बम आला. पाकिस्तानात 1987 च्या 'दिल दिल पाकिस्तान'मुळे घराघरात पोहोचलेले जुनैद जमशेद यांनीही पॉप संगीत सोडलं, पण गळा सोडला नाही. ते नात गाऊ लागले आणि 2016 मध्ये विमान अपघातात गेले तोवर गात राहिले. आपल्याकडे 'दंगल'मधल्या झायरा वसीमने 2019 मध्ये, अवघ्या 18 व्या वर्षी, सिनेमा सोडत असल्याचं जाहीर केलं. या कामामुळे धर्माशी असलेलं नातं धोक्यात आलं, असं तिने स्वतः लिहिलं होतं. तेव्हाच्या टीव्हीवरच्या चर्चा आठवून बघा. तिला कुणी भाग पाडलं, कुणी भडकवलं, यावरच सगळा जोर. मुलीने स्वतः विचार केला असेल, ही शक्यता फार थोड्यांना सुचली.

आमच्या काकूंचं "कुणीतरी नादी लावलंय" हे त्याच जातीचं वाक्य. काळजी पोटीच म्हटलेलं असतं, मान्य. पण त्याने मूल बोलायचं थांबतं. बंटीच्या दोन विषयांबद्दल आम्हाला वर्षभर कळलं नाही, कारण त्याला भीती होती ती आमच्या अशाच एखाद्या वाक्याची.

काळजी करूच नये असं मी म्हणत नाही. आईने पुण्यात फोन करून भावाच्या त्या मित्राशी गप्पा मारल्या, बाबा एकदा स्वतः त्याच्याबरोबर आळंदीला जाऊन आले, आणि हे दोघांनीही बरं केलं. मुलगा शिक्षण अर्ध्यावर सोडतोय का, पैसे कुठे जातायत, घरच्यांशी बोलू नकोस असं त्याला कुणी सांगतंय का, एवढं बघायलाच हवं. यातलं काही दिसलं तर गप्प बसू नका. बंटीच्या बाबतीत उलटंच होतं, त्याचे राहिलेले विषय सुटले होते. तेव्हा प्रश्न फक्त गाण्यांचा आणि आमच्या अहंकाराचा उरला होता. आणि हो, आजीच्या रेडिओचा.

तो प्रश्न मात्र खरा होता. स्वतःचे कान बंद करणं वेगळं आणि 81 वर्षांच्या बाईचा रेडिओ बंद करणं वेगळं. हे मी त्याला गच्चीवर स्पष्ट सांगितलं. तुम्ही विशीतले वाचक असाल आणि तुमच्याही गळ्यात नुकतीच माळ आली असेल, तर तुम्हालाही सांगते. तुम्ही जे सोडलं ते तुम्ही सोडलं. आजीने काही सोडल्याचं कुणाला सांगितलेलं नाही. यावर बंटी म्हणाला, "पण मला तिचं भलंच हवंय." मी म्हटलं, "काकांनाही तुझं भलंच हवंय." तो गप्प बसला.

शिवाय मला एक गंमत वाटत होती. त्याने धरलेली वाट काही संगीताला नाही म्हणणारी नव्हे. वारकऱ्यांइतकं गाणारं-नाचणारं आपल्याकडे कोण आहे? टाळ, पखवाज, वीणा, पावली, फुगडी. रिंगणात तर आजोबांच्या वयाची माणसं उड्या मारतात. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीत सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत कीर्तनाबरोबर गायन आणि पखवाजही शिकवतात. बंटीने गाणी सोडली असं आम्ही म्हणत होतो, पण तो पखवाज शिकायला लागला होता. फक्त सिनेमाची हवा लागलेलं काहीही त्याला नको होतं. फिल्मी चालीवर अभंग म्हणू नयेत, हे जुन्या मंडळींचं म्हणणं त्याने अगदी मनावर घेतलं होतं.

संगीतच्या रात्री आजीचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरीच राहिली. बंटी तिच्याजवळ थांबला. आम्ही रात्री एकला, डीजेने कान बधिर झालेल्या अवस्थेत परतलो तेव्हा दोघं जागे होते आणि आजी चक्क हसत होती.

झालं असं की बंटीने तिला टाळावर अभंग म्हणून दाखवले. तीन-चार झाल्यावर एक म्हटला, त्याचा अगदी आवडता. आजीने विचारलं, "हा कुणाचा रे?" तो म्हणाला, "तुकोबांचा." आजी म्हणाली, "अरे, हा सिनेमातला."

त्याचा विश्वास बसेना. फोनवर शोधलं तर आजी खरी निघाली. 1936 साली प्रभातचा 'संत तुकाराम' आला. दामले-फत्तेलाल दिग्दर्शक, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातली ही एक रचना शांताराम आठवले यांनी सिनेमासाठी लिहिलेली. पण ती तुकोबांच्या वळणाला इतकी जुळली की अनेकांनी ती त्यांचीच धरली. आजीच्या वडिलांनी तो सिनेमा कितीदा तरी पाहिला होता आणि हा किस्सा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. तो आजीला पाठ होता.

"म्हणजे मी इतके महिने सिनेमाचं गाणं म्हणतोय?" बंटीचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. आजी म्हणाली, त्याने विचारलं, "मग आता हा म्हणायचा की नाही?" तिने सांगितलं, "म्हण की. तुला आवडतो ना?"

मग तिनेही तिची बाजू सांगितली, दिवाळीपासून पोटात ठेवलेली. तिच्या माहेरी ज्ञानेश्वरी कुणी वाचत नव्हतं. लग्नानंतर आजोबांनी लताबाईंच्या आवाजातल्या पसायदानाची रेकॉर्ड आणली. ती लावून लावून, सुई उचलून पुन्हा मागे ठेवून, तिने पसायदान पाठ केलं. "मला ते कुठल्या बुवांनी नाही शिकवलं. ज्या बाईचा आवाज तू बंद केलास ना, तिने शिकवलं."

बंटी यावर काय म्हणाला, ते दोघांपैकी कुणीच मला सांगितलं नाही.

तो बदलला का, असं विचाराल तर नाही. माळ गळ्यात आहे, सिनेमाची गाणी तो अजूनही ऐकत नाही. सकाळी सातला आजीचा रेडिओ सुरू झाला की हरिपाठाची पोथी घेऊन गच्चीवर जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा रेडिओचे सेल संपले, तर हाच कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे घेऊन आला, बसवले, गाणं लागतंय हे बघितलं, आवाज जरा मोठा केला आणि वर निघून गेला.

पिंकीताईने मात्र त्याला अजून माफ केलेलं नाही. संगीतच्या दोन तासांच्या व्हिडिओत तो कुठेच नाही, हे तिला लागलंय. "एक गाणं नुसता बसला असतास तर तुझा विठोबा रागावला नसता," असं ती त्याला फोनवर म्हणाली. त्यावर तो म्हणाला, "ताई, विठोबाचं माहीत नाही, मी स्वतःवर रागावलो असतो." मला दोघांचंही पटतं. तसं मी दोघांनाही सांगितलं, तर आता दोघंही माझ्यावर चिडलेत.