आधी बाकीची गाडी, मग कार्बोरेटर

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबादेत राहणाऱ्या आणि घरची जुनी फियाट किंवा ॲम्बेसेडर जिवापाड जपणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. गाडीचं ॲव्हरेज पडलं की लगेच कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका.

हे मी पैसे घालवून शिकलो आहे. माझ्याकडे वडिलांची १९७२ची फियाट आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात बनलेली, १०८९ सीसी इंजिनाची. एका वर्षी ती लिटरला जेमतेम सात किलोमीटरवर आली. मेकॅनिकने स्क्रू कसला, मग जेट बदलला. फरक शून्य. शेवटी दोष निघाला मागच्या चाकात. ब्रेक दाबल्यावर लागत होता, पण पाय काढल्यावर पूर्ण सुटत नव्हता. इंजिन महिनोन्महिने ब्रेकशी झुंजत होतं आणि आम्ही कार्बोरेटरला दोष देत होतो.

म्हणून क्रम पाळा. आधी चारही चाकं मोकळी फिरतात का आणि टायरमध्ये हवा बरोबर आहे का, ते बघा. मग एअर फिल्टर. दिल्लीच्या धुळीत तो लवकर तुंबतो, आणि हवा कमी पडली की त्याच पेट्रोलचं मिश्रण दाट होतं. त्यानंतर टॅपेट, प्लग आणि डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. पॉइंटमधलं अंतर बदललं की टायमिंगही सरकतं, म्हणून पॉइंट आधी आणि टायमिंग नंतर. आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. ठिणगी उशिरा पडत असेल, तर कार्बोरेटर कितीही नीट लावला तरी पेट्रोल वायाच जाणार.

आता कार्बोरेटर उघडा. फ्लोटची सुई झिजली असेल तर ती पेट्रोल अडवत नाही, पातळी वर चढते आणि गाडी जास्त पिते. चोकची वायर पूर्ण परत जाते का, तेही पाहा. जानेवारीच्या थंडीत सकाळी ओढलेला चोक अर्धवट अडकून राहिला, तर दिवसभर पेट्रोल फुकट जातं.

जेट साफ करायला तार कधीही घालू नका. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. तारेने घासून ते भोक १.२५ झालं, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतं. कार्बोरेटर क्लीनर मारा, कॉम्प्रेसरची हवा मारा, आणि आकडा मूळचाच आहे ना याची खात्री करा.

मिक्श्चर स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी. तो स्क्रू मुख्यतः गाडी जागेवर सुरू असतानाचं मिश्रण ठरवतो. रस्त्यावर वेगात चालताना पेट्रोल येतं ते मुख्य जेटमधून. त्यामुळे स्क्रू कसून हायवेचं ॲव्हरेज वाढेल, ही आशा सोडा. सोलेक्सवर इंजिन चांगलं गरम करून स्क्रू हळूहळू आत घ्या. इंजिन अडखळलं की बाहेर सोडा, आणि ज्या जागी ते सर्वांत एकसारखं आणि जोरात चालतं तिथे थांबा. वाढलेला वेग मग आयडल स्पीडच्या स्क्रूने खाली आणा.

कानावर भरवसा नसेल तर पीयूसी केंद्रावर जा. तिथलं यंत्र धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दाखवतं. मार्च २००० पर्यंत बनलेल्या चारचाकी पेट्रोल गाडीला मर्यादा ३ टक्के आहे. नळी घालून खरा आकडा बघा, आणि तो मर्यादेच्या बराच खाली येईपर्यंत काम संपलं असं समजू नका.

ॲव्हरेजच्या हव्यासापोटी लहान जेट मात्र बसवू नका. पेट्रोल फार कमी पडलं की इंजिन तापतं, ठोके देतं आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जळतात. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण आपोआपच थोडं पातळ होतं. ते आणखी पातळ करणं म्हणजे इंजिनावर घाव घालणं. इथेनॉलमुळे नवीन गाड्यांचंही ॲव्हरेज घटतं. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात ई-२० साठी न बनलेल्या चारचाकींची घट ६ ते ७ टक्के धरली आहे. तेवढी घट कार्बोरेटरच्या माथी मारू नका. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा मात्र वरचेवर तपासा, कारण जुनं रबर इथेनॉलपुढे टिकत नाही.

कायद्याचं भान तर हवंच. एनसीआरमध्ये १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. २०२१च्या नियमांनी ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक दिला. पण तो रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यापुरता. रोजच्या वापराला नाही. डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावहून निघालेल्या पहिल्या मारुती ८०० चीही पन्नाशी २०३३ मध्ये भरेल. गाडी नियमात बसत नसेल तर ती रस्त्यावर आणू नका. बसत असेल तर मूळ कार्बोरेटर काढून फेकू नका, कारण मूळ स्वरूप ही त्या नोंदणीची अटच आहे.

वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज कशाला बघायचं, असं कुणी म्हणेल. ॲव्हरेज म्हणजे गाडीच्या तब्येतीचा आकडा. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन नेतं आणि उरलेलं धुराड्यातून बाहेर पडतं. नोव्हेंबरात ज्या शहरात मुलांच्या शाळा हवेपायी बंद ठेवाव्या लागतात, तिथे आपल्या हौसेचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जाता कामा नये. १९६४ पासून दिल्लीत भरणाऱ्या स्टेट्समन रॅलीत जुन्या गाड्या पाहायला लोक कौतुकाने येतात. ते कौतुक टिकवणं आपल्याच हातात आहे.

तेव्हा येत्या रविवारी बोनेट उघडण्याआधी गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि एकट्याने ढकलून बघा. ती सहज हलली नाही, तर दुरुस्तीची सुरुवात तिथून करा.