मोठा स्क्रीन, हलकी सॅक

स्क्रीन मोठा हवा, वजन कमी हवं आणि किंमत खिशाला झेपेल अशी हवी. लॅमिंग्टन रोड असो की आपली पुण्याची तापकीर गल्ली, काउंटरवर एवढं बोललात की समोरचा माणूस आधी तुमचे शूज बघतो, मग मनगटावरचं घड्याळ बघतो, आणि मग विचारतो, ‘बजेट काय आहे सर?’ इथेच गेम सुरू होतो मंडळी.

तसं बघायला गेलं तर मोठं आणि हलकं हे कोडं कंपन्यांनी कधीच सोडवलंय. 2008च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढला तेव्हा सगळे खल्लास झाले होते. त्याचं वजन 1.36 किलो आणि स्क्रीन 13.3 इंचांचा. अकरा वर्षांनी, 2019 मध्ये, एलजीने ‘ग्रॅम’ नावाचा 17 इंची लॅपटॉप आणला, वजन 1.34 किलो! म्हणजे वजन जवळपास तेच आणि स्क्रीन थेट 17चा. 2023 मध्ये अ‍ॅपलनेही 15.3 इंची एअर काढला, दीड किलोचा. भारतात येताना त्याची किंमत होती 1,34,900 रुपये. तेव्हा प्रश्न विज्ञानाचा उरलेला नाही, प्रश्न आपल्या सॅलरी स्लिपचा आहे.

हे पैसे जातात कुठे? बॉडीत. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं कव्हर पातळ करता येतं आणि तरी मोडत नाही. प्लॅस्टिक स्वस्त, पण मजबुतीसाठी ते जाड ठेवावं लागतं. मग स्वस्तात वजन कमी करायचं तर कंपनी काय करते? बॅटरी छोटी टाकते. बॉक्सवर ‘फक्त 1.6 किलो’ असं झोकात लिहिलेलं असतं आणि आतली बॅटरी असते 42 वॉट-अवरची. मेल, एक्सेल, ब्राउझर असं साधं काम करताना लॅपटॉप साधारण 10 वॉट खातो असं धरा. 42 भागिले 10, म्हणजे जेमतेम चार तास. लंचनंतर तुम्ही सॉकेट शोधत फिरणार. 70 वॉट-अवर असेल तर ऑफिसचा दिवस निघतो. म्हणून वजनाचा आकडा वाचला की पुढची नजर वॉट-अवरवर गेली पाहिजे. ‘अठरा तास बॅटरी’ वगैरे जाहिराती सोडून द्या.

आणि हो, बॉक्सवरच्या वजनात चार्जर धरलेला नसतो! जुन्या पद्धतीची वीट आणि तिची तीन पिनांची जाड वायर मिळून 300-400 ग्रॅम सहज भरतात. यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप घेतला, तर 65 वॉटचा छोटा गॅन चार्जर त्याच्या निम्म्याहून कमी वजनात येतो. वर फोनही त्यावरच चार्ज होतो.

आता माझ्या मावसबहिणीची केस. सीए होऊन नुकतीच एका छोट्या ऑडिट फर्ममध्ये लागलीय. फर्मचा फंडा सिंपल आहे, लॅपटॉप स्वतःचा आणा. तिने भावाचा जुना गेमिंग लॅपटॉप उचलला, 2.3 किलोचा, वर 600 ग्रॅमचा चार्जर. म्हणजे जवळपास तीन किलो पाठीवर घेऊन डोंबिवलीहून फास्ट पकडायची, दादरचा ब्रिज चढायचा आणि अंधेरीला क्लायंटकडे जायचं. तीन महिन्यांत उजवा खांदा धरला. मावशीचा एकच धोशा, ‘नोकरी बदल.’ पोरीला नोकरी आवडते, बदलायचा होता तो लॅपटॉप. बजेट साठ हजार, त्यातले निम्मे साठवलेले.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, ‘मोठा स्क्रीन तुला नेमका कुठे लागतो?’ बहुतेकांचं उत्तर असतं घरी किंवा ऑफिसच्या टेबलावर. तसं असेल तर सरळ 14 इंची घ्या आणि दहा हजारांच्या आसपासचा 24 इंची मॉनिटर टेबलावर ठेवा. पाठही खूश, डोळेही खूश. पण हिला क्लायंटकडे कॉन्फरन्स रूमचा एक कोपरा मिळतो, कधी तर फाइलींच्या कपाटाशेजारचं स्टूल. तिथे कुठला मॉनिटर? तिला मोठा स्क्रीन सॅकमध्येच हवा होता.

इंचांच्या आकड्यात एक गंमत आहे. इंच मोजतात ते तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. जुना 15.6 इंची स्क्रीन 16:9 आकाराचा, म्हणजे साधारण 34.5 सेंटीमीटर रुंद आणि 19.4 उंच. नवा 16 इंची 16:10 आकाराचा असतो. त्याची रुंदी तेवढीच, पण उंची 21.5. म्हणजे स्क्रीन दोन सेंटीमीटर उंच मिळतो आणि आडवा तेवढाच राहतो. त्याहून भारी गोष्ट म्हणजे 14 इंची 16:10ची उंची 18.8 भरते, जुन्या 15.6पेक्षा जेमतेम अर्धा सेंटीमीटर कमी. ज्यांचं काम वरून खाली वाचायचं आहे, वर्ड, मेल, कोडिंग, त्यांनी 15.6चा हट्ट सोडावा, 14 मध्ये काम भागतं. एक्सेलवाल्यांना मात्र रुंदी लागते. रकाने डावी-उजवीकडे ढकलत बसण्यात अर्धा दिवस जातो. तिला शिवाय नंबर पॅडही हवा होता, तो 14 इंचीत नसतोच. तेव्हा 16 ठरला.

स्वस्त पॅनेलची एक खूण लक्षात ठेवा: ‘45 टक्के एनटीएससी’. हे वाचलं की समजायचं, रंग फिके. एक्सेलला चालतील, फोटो-व्हिडिओ करणाऱ्यांनी 100 टक्के एसआरजीबीच मागावं. ब्राइटनेस 300 निट्सच्या खाली नको, खिडकीशेजारी बसलात की स्क्रीनऐवजी स्वतःचा चेहरा दिसेल.

मेमरीत कंजूसी नको. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डवरच सोल्डर केलेली असते, ‘नंतर वाढवू’ हा ऑप्शनच नाही. 16 जीबी घ्याच. 2025च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरी चिप्स जाम महागल्या, तेव्हा 8 जीबीचा लॅपटॉप स्वस्तात दाखवून गळ्यात मारायचा मोह दुकानदारांना आहे. वाचवायचं असेल तर प्रोसेसरवर वाचवा, मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या. फक्त नावाला भुलू नका. एएमडीच्या 7000 मालिकेत तिसरा आकडा बघायचा. रायझन 5 7520यूमधला 2 म्हणजे 2019चं डिझाइन, 7730यूमधला 3 म्हणजे 2020चं. आकडा सात हजारांचा, माल जुना!

नूतनीकरण केलेले, म्हणजे रिफर्बिश्ड, कॉर्पोरेट लॅपटॉप हाही रस्ता आहे. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही दणकट मंडळी, पण हलकी सापडतात ती बहुतेक 14 इंचीच. शिवाय विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपलाय, तेव्हा इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं काहीही घेऊ नका, त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. आणि दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढून ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

बहिणीने शेवटी 16 इंची, 1.7 किलोचा, 16 जीबीवाला, मागच्या वर्षीचा पीस उचलला. चार्जर धरून दोन किलोच्या आत. पण घेण्याआधी मी तिला दोन दिवस सॅकमध्ये पावणेदोन किलो तांदूळ घालून ऑफिसला पाठवलं होतं. हसू नका, करून बघा. लोकलमध्ये उभं राहून कळतं ते कुठल्याही रिव्ह्यूत कळत नाही. बजेट दोन हजारांनी हललं, ते मावशीने भरले, नोकरीबद्दल चार शब्द सुनावून.

उरलेले पैसे ईएमआयने. ‘नो कॉस्ट’ या शब्दांवर जाऊ नका, व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतोच, प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारा डिस्काउंट कधी कधी तुम्हाला मिळत नाही. हिशोब कागदावर मांडून मगच कार्ड स्वाइप करा. स्वतःचा जीएसटी नंबर असलेल्या फ्रीलान्सर दोस्तांनी बिल त्या नंबरावरच मागावं, कामासाठी घेतलेल्या लॅपटॉपचा 18 टक्के कर क्रेडिटमध्ये मिळू शकतो. बॉक्स घरी आला की पहिल्याच संध्याकाळी स्क्रीनवर पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून मेलेले ठिपके शोधा, बिजागरी ढिली नाही ना बघा, आणि चार्जरसकट लॅपटॉप किचनच्या काट्यावर ठेवा. बदलून घ्यायची मुदत थोड्या दिवसांचीच असते.