व्यायामाच्या वेळापत्रकात विश्रांतीचा वार हवा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे पाचपासून मुलांची गर्दी होते. धावणे, गोळाफेक, जोर, बैठका. आणि हे सारे रोज, रविवारीसुद्धा. त्यांतलेच काहीजण अकरा वाजता प्रयोगशाळेत येतात, तेव्हा व्हर्निअर कॅलिपर धरलेला त्यांचा हात थरथरत असतो. शाळांमध्येही क्रीडास्पर्धा जवळ आल्या की हाच प्रकार चालतो. ‘एक दिवस चुकला की सगळी मेहनत वाया’ असे मुलांना सांगितले जाते. माझ्या मते हा सल्ला, निदान ताकद वाढवण्याच्या व्यायामापुरता, चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजण्यासारखे आहे.

प्रथम थोडे गणित करू. तुमचे वस्तुमान 50 किलोग्रॅम आहे असे धरा. एका बैठकीत शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे 0.4 मीटर वर उचलावा लागतो. म्हणजे कार्य झाले 50 × 9.8 × 0.4, अर्थात 196 ज्यूल. दोनशे बैठकांचे 39,200 ज्यूल, म्हणजे जेमतेम साडेनऊ किलोकॅलरी. आता स्नायू हे यंत्र काही शंभर टक्के कार्यक्षम नाही. खर्च झालेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच कार्यात उतरतो, बाकीची उष्णता होते. तेव्हा चाळीस-पन्नास किलोकॅलरी धरा. म्हणजे सुमारे अर्धी पोळी!

अर्ध्या पोळीच्या ऊर्जेसाठी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा का धरावा लागतो? याचा अर्थ, थकलेल्या स्नायूला विश्रांती लागते ती केवळ रिकामी टाकी भरण्यासाठी नव्हे. ‘पायांत लॅक्टिक आम्ल साचले’ असेही उत्तर पुष्कळदा ऐकू येते. पण ते तर व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात निघून जाते, आणि दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. खरे कारण यांत्रिक आहे. स्नायुतंतूंवर ताण असतानाच ते लांबवले जातात, तेव्हा त्यांत अतिसूक्ष्म इजा होतात. बैठक मारताना खाली जाण्याची क्रिया आणि जिना उतरणे या दोहोंत हेच घडते.

तांब्याची तार पुन्हापुन्हा वाकवली तर ती तुटते. कितीही दिवस टेबलावर ठेवली तरी ती आपली आपण दुरुस्त होत नाही. स्नायू मात्र दुरुस्त होतो, आणि शिवाय पेललेल्या ओझ्याला साजेशी नवी प्रथिने बांधून पूर्वीपेक्षा थोडा बळकट होतो. व्यायाम हा स्नायूला दिलेला निरोप आहे. बांधकाम त्यानंतर, तुम्ही वर्गात बसलेले असताना आणि झोपेत चालते.

हे बांधकाम किती वेळ चालते? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी 1990 ते 1995 या काळात याचे मोजमाप केले. तरुणांनी एकाच हाताने वजने उचलायची, दुसरा हात तुलनेसाठी तसाच ठेवायचा, अशी सुबक योजना होती. व्यायाम केलेल्या दंडात प्रथिने बांधण्याचा वेग चार तासांनी सुमारे 50 टक्क्यांनी, तर चोवीस तासांनी 109 टक्क्यांनी, म्हणजे दुपटीहून अधिक, वाढलेला आढळला. छत्तीस तासांनी तो जवळजवळ मूळ पातळीवर आला होता. आज सकाळी सहाला तुम्ही दंडांना कसून काम दिले असेल, तर उद्या सकाळी सहाला गवंडी अगदी जोमात कामाला लागलेले असतात. नेमक्या त्याच वेळी भिंतीवर पुन्हा घण घालायचा का?

प्रमाणाची गोष्टही अशीच आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या मांड्यांत पुन्हा ताकद यावी म्हणून थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने वाढत्या वजनांचा व्यायाम सुरू केला. 1945 साली त्याने एका वेळेस 70 ते 100 उचली सांगितल्या होत्या. तीनच वर्षांनी, 1948 मध्ये, त्याने आणि त्याचा सहकारी वॉटकिन्स याने लिहिले की हा आकडा फार मोठा आहे; बहुतेकांना 20 ते 30 पुरतात, कारण संख्या कमी असली की वजन जास्त घेता येते. आमच्या मैदानावर अजून संख्येचाच अभिमान चालतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे: तालमीतले पैलवान रोज शेकडो जोर-बैठका काढतात, त्यांचे काय? एक तर तो आकडा वर्षानुवर्षे हळूहळू वाढवलेला असतो, आणि सवयीच्या श्रमाने स्नायूला इजा फारच कमी होते. दुसरे, पैलवान दुपारी ताणून झोपतो, मालिश करून घेतो, खुराक सांभाळतो. विश्रांती हा तालमीच्या दिनक्रमाचाच भाग आहे. आपण त्यातल्या फक्त जोर-बैठका उचलल्या. तिसरे, शेकडो बैठकांनी दम वाढतो. कमाल बल वाढवायचे तर संख्या नव्हे, ओझे वाढवावे लागते. मार्केट यार्डातला हमाल रोज पोती उचलतो, पण म्हणून त्याची ताकद दर वर्षी वाढत जात नाही.

रोज खेळू नये, असे मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या शिफारशींत 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी 60 मिनिटे हालचाल करावी असे म्हटले आहे. पण स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या व्यायामासाठी त्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितले आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार जोर-बैठका. मधल्या दिवशी खो-खो, सायकल, पोहणे. आणि रात्री आठ ते दहा तास झोप. पहाटे चारला उठून मैदानावर येणारा मुलगा अकरापर्यंत अभ्यास करत असेल, तर त्याच्या व्यायामाचे निम्मे फळ तिथेच गळते, असे मला वाटते.

शिक्षकांना एक वेगळी विनंती. शिक्षा म्हणून शंभर-शंभर उठाबशा काढायला लावणे हे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध तर आहेच, पण ते धोक्याचेही आहे. सवय नसलेल्या मुलाने एकदम फार उठाबशा काढल्या तर स्नायुपेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. फार दुखणे, सूज आणि चहाच्या रंगाची लघवी ही लक्षणे दिसली तर मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

या साऱ्यावर केवळ माझ्या शब्दाखातर विश्वास ठेवू नका. वर्गातल्या निरोगी मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाने आठवड्याचे सहा दिवस रोज 20 जोर काढावेत, दुसऱ्याने एक दिवसाआड 40, लागतील तसे थांबत थांबत. दोघांची आठवड्याची बेरीज 120 च. ज्यांना 40 झेपत नाहीत त्यांच्यासाठी दोन्हीकडचे आकडे निम्मे करा. सहा आठवड्यांनी एका दमात प्रत्येकाचे किती जोर होतात ते मोजा आणि सुरुवातीच्या आकड्याशी ताडून पाहा. माझा अंदाज असा की दोन्ही गट जवळजवळ सारखेच येतील. तसे झाले तर दुसऱ्या गटाचे आठवड्याचे तीन दिवस मोकळे राहिले, हा हिशेब शारीरिक शिक्षणाच्या सरांना दाखवा. अंदाज चुकला तरी तक्ता जपून ठेवा आणि पुढच्या सत्रात गट अदलाबदल करून पुन्हा मोजा.